चालत्या हृदयाचा दाब

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, कॉलेज रोडवरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक खांब उभा आहे. १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीने इथे वेधशाळा उभारली, तेव्हा दुर्बिणीला धक्का लागू नये म्हणून हा खांब रोवला गेला. त्यावर लॅटिनबरोबर तमिळ आणि तेलुगूतही लेख कोरला आहे. वेधशाळेचं मुख्य काम तारे पाहण्याचं. पण १७९६ पासून जॉन गोल्डिंगहॅम यांनी तिथे हवामानाची नोंदवहीही सुरू केली. ठरलेल्या वेळी तापमान लिहायचं आणि पाऱ्याच्या नळीतला हवेचा दाब लिहायचा, असा नेम पडला.

पुढे गोल्डिंगहॅम यांनी ध्वनीचा वेग मोजायला घेतला. सेंट जॉर्ज किल्ल्यावरून आणि सेंट थॉमस माउंटवरून तोफा उडत. लखलखाट दिसल्यापासून आवाज कानी पडेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्याच्या शेजारी त्या वेळचा हवेचा दाब, तापमान व दमटपणा टिपायचा, अशी त्यांची रीत होती. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हे प्रयोग १८२३ साली छापून आले. तोफ तीच आणि अंतरही तेच, तरी हवेची स्थिती बदलली की आवाजाला लागणारा वेळ बदलतो, असं त्या नोंदी सांगतात. आकडा लिहिताना तो कोणत्या स्थितीत घेतला हेही लिहायचं, ही शिस्त नुंगंबाक्कममध्ये दोनशे वर्षांपूर्वी पाळली जात होती.

पाऱ्याची नळी वैद्यकात आली ती १८२८ साली. पॅरिसमध्ये प्वाझेय या तरुण डॉक्टराने पारा भरलेली इंग्रजी यू अक्षरासारखी नळी प्राण्याच्या धमनीला जोडली आणि रक्ताचा दाब पाऱ्याच्या उंचीवर मोजला. ‘मिलिमीटर पारा’ हे एकक तिथून रुळलं. ते आजही चेन्नईच्या, मुंबईच्या आणि जगभरातल्या कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयात नळी घालून तपासणी होते त्या खोलीच्या, पडद्यावर असतं. एकक आलं, पण स्थिती लिहायची शिस्त मात्र हृदयाच्या एका आजाराबाबत फार उशिरा आली. त्या उशिराची किंमत ज्यांनी मोजली, त्यांत वयस्क बायकांची संख्या मोठी आहे.

तक्रार ओळखीची आहे. बसलं की काही होत नाही. बाजारातून पिशवी घेऊन परतताना, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर दम लागतो. पायांवर थोडी सूज असते. रक्तदाबाच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतात, बहुधा मधुमेहही असतो. टेबलावर आडवं करून ईसीजी काढतात, तो ठीक येतो. मग इको होतो आणि रिपोर्टात लिहून येतं की इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के, म्हणजे हृदय उत्तम आकुंचन पावतं. मग निष्कर्ष निघतो: वय झालं, वजन वाढलं, काळजी फार करता. बाई घरी येते आणि उद्यापासून जिना चढणं कमी करते.

या आजाराला आज नाव आहे. हृदयाची आकुंचनशक्ती शाबूत असताना होणारं हार्ट फेल्युअर. डॉक्टर मंडळी इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्याला ‘हेफपेफ’ म्हणतात. यात हृदय रिकामं नीट होतं, पण भरायला त्रास देतं. डावा कप्पा ताठर झालेला असतो. विश्रांतीत ठोके संथ असतात, भरायला वेळ मिळतो आणि काम निभावून जातं. माणूस चालू लागला की ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधली उसंत कमी होते आणि पायांकडून जास्त रक्त परतू लागतं. ताठर कप्पा सैलावत नाही. मग मागे, डाव्या कर्णिकेत आणि फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत दाब चढतो. फुप्फुसं जड होतात आणि दम लागतो. खुर्चीत बसलं की काही मिनिटांत दाब उतरतो आणि पुरावाच नाहीसा होतो.

हा पुरावा पकडायला हृदयापर्यंत पोचावं लागतं. ती वाट १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या एका लहान रुग्णालयात उघडली. वेर्नर फोर्समन तेव्हा पंचविशीचे होते. हाताच्या शिरेतून रबरी नळी सरकवत हृदयापर्यंत नेता येईल, याची त्यांना खात्री होती. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. निर्जंतुक साहित्य गेर्डा डिट्झन या परिचारिकेच्या ताब्यात असे. प्रयोग माझ्यावर करा, असं ती म्हणाली. फोर्समननी तिला टेबलाला बांधलं आणि नळी स्वतःच्या हातात घातली. सुमारे ६५ सेंटिमीटर नळी आत गेल्यावर ते तसेच चालत एक्स-रेच्या खोलीत गेले आणि नळीचं टोक हृदयात पोचल्याचं छायाचित्र काढून घेतलं. माणसाच्या हृदयात पहिल्यांदा नळी गेली, तेव्हा तो माणूस आपल्या पायांनी चालत होता. त्यानंतरची कितीतरी वर्षं रुग्णाला मात्र निपचित आडवं ठेवूनच मोजमाप झालं.

फोर्समनना शाबासकीऐवजी बोलणी खावी लागली. त्यांचा निबंध पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी कामाला लावला. १९४१ पासून त्यांनी रुग्णांच्या हृदयातले दाब पद्धतशीर मोजायला सुरुवात केली. युद्धाच्या काळात रक्तस्राव आणि शॉक समजून घ्यायला ती मोजणी उपयोगी पडली. १९५६ चं नोबेल या तिघांना मिळालं.

पण ही नळी शिरेतून जाते, त्यामुळे ती हृदयाच्या उजव्या बाजूला पोचते. दम लागण्याचं मूळ असतं डाव्या बाजूला. हा पेच बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात लुईस डेक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवला. नळी फुप्फुसाच्या धमनीच्या अगदी बारीक फांदीत अडकेपर्यंत पुढे नेली, की मागचा दाब तुटतो आणि टोकाला समोरचा, म्हणजे केशवाहिन्यांपलीकडच्या डाव्या कर्णिकेचा दाब कळतो. १९४९ साली या मोजणीचा निबंध निघाला. कॅथलॅबमध्ये आजही त्याला ‘वेज’ म्हणतात. विश्रांतीत निरोगी माणसाचा वेज १२ मिलिमीटरच्या आत असतो, आणि १५ च्या वर गेला की तो वाढलेला धरतात.

डेक्स्टरांच्या प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट केली. आडव्या रुग्णाला नळीसकट व्यायाम करायला लावला. १९५१ साली निरोगी माणसांवर आणि मिट्रल झडप (डाव्या कर्णिकेतून डाव्या कप्प्यात उघडणारी) आकसलेल्या रुग्णांवर केलेल्या अशा मोजण्या प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी रिचर्ड गॉर्लिन यांनी आपल्या अभियंता वडिलांबरोबर झडपेचं छिद्र किती उरलं आहे हे काढायचं सूत्र मांडलं. त्या सूत्राचा अर्थ सरळ होता. अरुंद छिद्रातून दुप्पट वेगाने रक्त जायचं असेल, तर झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक चौपट व्हावा लागतो. विश्रांतीत जेमतेम सोसणारी झडप जिन्यावर अंत का पाहते, याचं उत्तर त्यात होतं.

हे उत्तर भारतात लगेच लागू पडत होतं. संधिवाताच्या तापाने आपल्याकडे लहान वयातच मिट्रल झडप चिकटायची. दिल्लीच्या एम्समध्ये सुजय रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतातल्या कोवळ्या वयाच्या मिट्रल रुग्णांबद्दल लिहिलं. पाश्चात्त्य देशांत जो आजार तिशी-चाळिशीत दम काढायचा, तो इथे शाळकरी पोरांच्या फुप्फुसांत दाब चढवत होता. परळच्या केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने अशा झडपा उघडल्या. चेन्नईपासून काही तासांच्या अंतरावरच्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८३ साली सलग ३,७२४ बंद-हृदय मिट्रल शस्त्रक्रियांचा आढावा छापला. हृदय उघडं न करताच सर्जन कर्णिकेतून आत जायचा आणि बोटाने किंवा अवजाराने झडप मोकळी करायचा. श्रमात चढणारा दाब आपल्या डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा होता. तिथे कारणही बोटाला लागत होतं.

पेच पडला तो झडप धडधाकट असलेल्यांचा. १९५३ साली स्वीडनच्या लुंडमध्ये इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. त्यातून निघालेली इकोकार्डिओग्राफी, म्हणजेच इको, पुढच्या काही दशकांत सर्वदूर पोचली. सुई नाही, नळी नाही आणि दहा मिनिटांत आकडा हातात. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आपल्यातलं किती रक्त बाहेर टाकतो, त्याची ती टक्केवारी. तिने लाखो जीव वाचवले आहेत. पण हार्ट फेल्युअर म्हणजे ही टक्केवारी कमी असणं, असं समीकरणही तिच्यामुळेच पक्कं झालं. एनालाप्रिल हे औषध हार्ट फेल्युअरमध्ये रुजवणाऱ्या मोठ्या चाचण्यांपैकी १९९१ सालची चाचणी कमजोर आकुंचनाच्या रुग्णांवरच झाली. टक्केवारी चांगली असलेला रुग्ण अशा चाचण्यांच्या दारातूनच परत जायचा.

तरी काही डॉक्टरांना हे खटकत होतं. १९८४-८५ च्या सुमारास अमेरिकेत असे निबंध दिसू लागले, ज्यांतल्या रुग्णांच्या फुप्फुसांत पाणी साचलेलं होतं आणि हृदय मात्र जोरात आकुंचन पावत होतं. एरिक टोपोल आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये रक्तदाबाने भिंती जाड झालेल्या वृद्ध हृदयांचं वर्णन केलं. आजार समोर उभा होता. तो कसा घडतो हे दाखवायचं बाकी होतं.

ते काम डलेन किट्झमन यांनी केलं. ड्यूक विद्यापीठातला त्यांचा १९९१ सालचा निबंध अवघ्या सात रुग्णांचा आहे. सातही जणांना हार्ट फेल्युअर होतं आणि आकुंचन चांगलं होतं. हृदयात नळी ठेवून त्यांना सायकलवर बसवलं, आणि दहा निरोगी माणसांशी तुलना केली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांच्या काळापासून वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आले आहेत की हृदय जितकं जास्त भरतं तितक्या जोराने पुढचा ठोका पडतो. श्रमाची वाढीव मागणी निरोगी हृदय याच बळावर पुरवतं. या सात जणांत कप्प्यातला दाब वाढत गेला, पण कप्पा मात्र जास्त भरेना. रक्त आत घेण्याची मुभाच संपलेली होती. दमाचं कारण पायांत, वयात किंवा मनात शोधणाऱ्यांना हे सडेतोड उत्तर होतं.

पुढचा टप्पा २०१० चा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बॅरी बोरलॉग यांनी मुद्दाम असे रुग्ण निवडले, ज्यांच्यात विश्रांतीत काहीच सापडत नव्हतं. श्रमात दम लागणारे ५५ जण. इजेक्शन फ्रॅक्शन चांगलं. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं बीएनपी हे संप्रेरकही मर्यादेत. नळी घालून आडवं ठेवलं तरी दाब नेहमीसारखे. मग पाय पेडलवर ठेवायला सांगितलं. ५५ पैकी ३२ जणांचा वेज २५ मिलिमीटर किंवा त्याहून वर गेला. निम्म्याहून अधिक लोकांना हृदयाचाच आजार होता, आणि पेडल मारायला लावलं नसतं तर ते सगळे ‘नॉर्मल’ म्हणून घरी गेले असते.

ही तपासणी कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. रुग्ण कॅथलॅबच्या टेबलावर उताणा असतो. मानेच्या किंवा हाताच्या शिरेतून बारीक नळी फुप्फुसाच्या धमनीत पोचलेली असते. तिच्या टोकाशी इवलासा फुगा असतो. ही १९७० सालची जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांची देणगी. फुगा फुगवला की तो रक्ताच्या ओढीबरोबर पुढे जातो आणि फांदीत अडकतो. दाब मोजणारं यंत्र छातीच्या मध्यरेषेच्या उंचीवर बांधून शून्यावर आणतात. ते काही सेंटिमीटर वरखाली झालं तरी आकडा खोटा येतो, म्हणून टेक्निशियन ते पुन्हा पुन्हा तपासतो. टेबलाच्या पायथ्याशी पेडल जोडलेले असतात. पाय नुसते उचलून पेडलवर ठेवले तरी खालचं रक्त छातीकडे येतं आणि आजारी हृदयात दाबाची रेघ तिथेच हलू लागते. मग हलका भार देऊन पेडल मारायचे आणि काही मिनिटांनी भार वाढवायचा. श्वास जोराने चालू असल्याने रेघ लाटांसारखी उसळते. डॉक्टर श्वास सोडून झाल्याच्या क्षणाचा आकडा वाचतो. १०, १४, १९, २६ अशी चढण एखाद्या रुग्णात पाच-सात मिनिटांत दिसते. पेडल थांबले की रेघ उतरते आणि थोड्या वेळात पडदा पुन्हा निर्दोष दिसू लागतो. आपल्याला खरंच काहीतरी होतं, हे रुग्णाला त्या टेबलावर पहिल्यांदा पुराव्यासकट कळतं.

आपल्या देशाला याची निकड जास्त का, ते आजाराच्या मुळांत आहे. पहिलं मूळ उच्च रक्तदाब. त्याच्याशी झुंज देणाऱ्यांत मुंबईची नावं मानाने घ्यावी लागतात. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरच्या अनुभवातून मांडलं आणि जगाचं लक्ष या वनस्पतीकडे वळलं. केईएमच्या डॉ. के. के. दाते यांनी १९६९ साली ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून तो शास्त्रीय नियतकालिकात छापला. दुसरं मूळ मधुमेह. त्याच्या अभ्यासात चेन्नईइतकं काम देशात फार थोड्या शहरांनी केलं असेल. २००१ साली सुरू झालेल्या ‘क्युअर्स’ या पाहणीत शहरातल्या २६,००१ प्रौढांची पहिली चाळणी झाली आणि शंभरात चौदा-पंधरा जणांना मधुमेह असल्याचं दिसलं. तिसरं मूळ पोटाभोवतीची चरबी. ती किती वाढली, हे आपण घरोघरी बघतो.

ही तिन्ही मुळं एकत्र आली की हृदय ताठर होतं, आणि आपल्याकडे ती लवकर एकत्र येतात. २०१३ साली तिरुवनंतपुरममधल्या रुग्णालयांनी हार्ट फेल्युअरच्या १,२०५ रुग्णांची नोंद केली. त्यांचं सरासरी वय साठीच्या आसपास होतं, म्हणजे पाश्चात्त्य नोंदींपेक्षा जवळपास दहा वर्षांनी कमी. नुंगंबाक्कमला लागून असलेल्या ग्रीम्स रोडच्या परिसरात १९८३ साली अपोलो रुग्णालय सुरू झालं, आणि तेव्हापासून बंगालपासून ईशान्येपर्यंतची कुटुंबं उपचारांसाठी तिथल्या लॉजमध्ये उतरत आली आहेत. एवढं अंतर तोडून आलेल्या माणसाची तपासणी त्याला ज्या हालचालीत त्रास होतो ती वगळून झाली, तर त्याच्या खेपेचं चीज होत नाही.

निदानाला इतकं महत्त्व द्यायचं आणखी एक कारण आहे. कित्येक वर्षं या आजारावर औषधच सापडत नव्हतं. २००३, २००८, २०१४ आणि २०१९ च्या मोठ्या चाचण्या एकामागून एक अपेक्षेला उतरल्या नाहीत. मग २०२१ साली ५,९८८ रुग्णांच्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीने हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याची एकत्रित जोखीम २१ टक्क्यांनी कमी केली. मधुमेह नसलेल्यांनाही फायदा झाला. पुढच्याच वर्षी डापाग्लिफ्लोझिनने ६,२६३ रुग्णांत तसाच कौल दिला. २०२३ साली लठ्ठ रुग्णांत सेमाग्लुटाइडने वजन उतरवून चालण्याची ताकद वाढवली. आणि सात रुग्णांना सायकलवर बसवणाऱ्या किट्झमन यांनीच २०१६ साली शंभर वयस्क लठ्ठ रुग्णांवर दाखवलं होतं की देखरेखीखालचा नियमित व्यायाम आणि मोजका आहार यांनी श्रम सोसण्याची क्षमता वाढते. ज्या चालण्याने आजार उघडा पडतो, बेताबेताने केलेलं तेच चालणं त्याच्यावरचा उपचारही ठरतं.

प्रत्येकाच्या हृदयात नळी घालायची गरज नाही आणि ते परवडणारही नाही. २०१८ साली मेयोच्याच डॉक्टरांनी साध्या गोष्टींवरून शक्यता काढायची गुणपद्धती दिली. वजन किती, रक्तदाबाच्या गोळ्या दोन किंवा अधिक आहेत का, हृदयाची लय बिघडलेली आहे का, वय साठच्या वर आहे का, आणि इकोवरचे दोन आकडे. बऱ्याच जणांचा निकाल तिथेच लागतो. शंका उरली तर पेडल मारता मारता इको करता येतो. नळी फक्त त्यानंतरच्या थोड्यांसाठी.

याही आधीची तपासणी फुकट आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यातही होण्यासारखी आहे. आई म्हणाली की जिन्यावर दम लागतो, तर तिला आडवं करून मिळालेला आकडा तिच्या तोंडावर फेकू नये. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिला सहा मिनिटं चालवावं, सोबत चालावं, ती कुठे थांबते ते पाहावं आणि नाडी व बोटावरचा ऑक्सिजन तेव्हा मोजावा. किट्झमन यांचे सात जण आणि बोरलॉग यांचे ५५ जण एकच गोष्ट सिद्ध करून गेले. रुग्ण आधीपासून खरं सांगत होते, डॉक्टरांनी मोजायची वेळ चुकीची निवडली होती. ती वेळ बदलणं आता आपल्या हातात आहे, आणि गोळ्याही औषधांच्या दुकानात आल्या आहेत.